लेऑफ आणि रिट्रेंचमेंट : नोकरी थांबली की संपली?

बेंगळुरूच्या आयटी कंपन्यांत मराठी मुलं-मुली पुष्कळ आहेत. तिथे कपातीची बातमी आली की दोन शब्द हमखास ऐकू येतात : लेऑफ आणि रिट्रेंचमेंट. दोन्हींचा अर्थ एकच, असं आपण धरून चालतो. आज त्यातला फरक पाहू.

आधी व्याकरण. ‘लेऑफ’ असा जोडून लिहिला की ते नाम. ‘ले ऑफ’ असे दोन सुटे शब्द लिहिले की क्रियापद, आणि त्याचा भूतकाळ ‘लेड ऑफ’. म्हणून ‘आय गॉट लेऑफ’ हे चूक. ‘आय वॉज लेड ऑफ’ हे बरोबर. दुसऱ्या जोडीत ‘रिट्रेंच’ हे क्रियापद आणि त्याला ‘मेंट’ लागून ‘रिट्रेंचमेंट’ हे नाम. हा शब्द फ्रेंचमधून आला. मूळ अर्थ छाटणे. आपली ‘कपात’सुद्धा कापण्यातूनच आली आहे.

आता अर्थ. अमेरिकी बोलण्यात लेऑफ म्हणजे बहुधा नोकरी गेलीच. भारतीय कायद्यात तसं नाही. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेनुसार लेऑफ म्हणजे कच्चा माल, वीज वगैरे नसल्यामुळे मालक तात्पुरतं काम देऊ शकत नाही. पण कामगाराचं नाव हजेरीपटावर राहतं. ठरावीक अटींवर त्याला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. रिट्रेंचमेंटमध्ये मात्र नोकरी संपते, तीही शिक्षा म्हणून नव्हे. सलग एक वर्ष काम केलेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. आधीच्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातही हा भेद होता.

हे संरक्षण कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगारांना आहे. त्यात तांत्रिक कामही येतं, व्यवस्थापकीय काम येत नाही. त्यामुळे पदाच्या नावापेक्षा तुम्ही प्रत्यक्षात काय काम करता, ते महत्त्वाचं.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा : ‘रिझाइन’, म्हणजे राजीनामा देणे. या क्रियापदाचा कर्ता तुम्ही असता. ‘रिट्रेंच’चा कर्ता कंपनी. कंपनीच तुम्हाला काढत असेल आणि समोर राजीनाम्याचा कागद आला, तर सही केल्यावर कागदोपत्री नोकरी तुम्हीच सोडलेली असते. मग कपातीची भरपाई मागणं अवघड होतं. म्हणून सही करण्याआधी वाक्याचा कर्ता कोण, ते नीट वाचा.

भेटू पुढच्या भागात.