प्रतिनिधी कसा निवडावा? खंडेनवमी, जुनी पिकअप आणि सुटे भाग

विजयादशमीच्या दिवशी आपण एकमेकांना आपट्याचे पान देतो आणि त्यास सोने म्हणतो. मूळ विधी शमीपूजनाचा. शमी हा कोरड्या मुलखाचा वृक्ष. ती न मिळाल्यास अश्मंतकाचे, म्हणजे आपट्याचे, पूजन करावे असे निर्णयग्रंथ सांगतात. आपटा हा अशा रीतीने शमीचा प्रतिनिधी ठरला. देणारा आणि घेणारा या दोघांनाही हातातील वस्तू पान आहे हे पक्के ठाऊक असते, म्हणून या व्यवहारात कपटाचा लेश नाही.

आदल्या दिवशीच्या खंडेनवमीस शस्त्रांची आणि उपजीविकेच्या साधनांची पूजा होते. एके काळी तलवार, भाला आणि नांगर यांना मिळणारा मान आज आमच्या पावस परिसरात अंगणातल्या पिकअपला मिळतो. चैत्र-वैशाखात हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजारात पोहोचवणारी हीच. बंदरावरची मासळी बर्फासह वाहणारी हीच. घरबांधणीचे चिरे आणणारीही हीच. १९८८ साली आलेल्या टाटामोबाईलपासून पुढच्या टाटा २०७ पर्यंत, बोलेरो पिकअपपासून २००५ साली आलेल्या आणि 'छोटा हत्ती' या नावाने घरोघर ओळखल्या जाणाऱ्या टाटा एसपर्यंत अनेक गाड्या कोकणात वर्षानुवर्षे राबत आहेत. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ आणि चाकाखाली लिंबू असा त्यांचा थाट त्या दिवशी असतो. तो अवश्य असावा. परंतु वाचकहो, गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की तिच्यातील कितीतरी भाग मूळचे राहिलेले नसतात. त्यांच्या जागी प्रतिनिधी येऊन बसलेले असतात. ते प्रतिनिधी त्या पदास योग्य आहेत काय, हा प्रश्न पूजेच्या निमित्ताने विचारणे अगत्याचे आहे. कारण घाटाच्या उतारावर चालकाचे प्राण त्याच प्रतिनिधींच्या हाती असतात.

'प्रतिनिधी' या विषयाचा आपल्याकडे फार सूक्ष्म विचार झाला आहे. जैमिनींच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायातील तिसऱ्या पादात, यज्ञात सांगितलेले द्रव्य न मिळाल्यास काय करावे याची चर्चा येते. तिच्यातील चार निर्णय जुन्या गाडीच्या मालकाने ध्यानी धरण्याजोगे आहेत. पहिला, प्रतिनिधी मूळ द्रव्याशी अधिकाधिक सदृश असावा. व्रीही नसतील तर नीवार, म्हणजे देवभात, घ्यावा. दुसरा, काही गोष्टींना प्रतिनिधीच नाही. देवता, अग्नी आणि मंत्र बदलता येत नाहीत. तिसरा, जे द्रव्य निषिद्ध आहे ते सदृश दिसले तरी चालत नाही. चौथा, प्रतिनिधीही नष्ट झाला तर त्याच्यासारखे दुसरे न शोधता मूळ द्रव्यासारखे शोधावे.

हे निर्णय लावून पाहण्यापूर्वी दुकानात कोणता माल असतो ते समजून घेऊ. गाडी बनवणारी कंपनी गाडीतील सारेच भाग स्वतः घडवीत नाही. ब्रेक, क्लच, बेअरिंग, डिझेल पंप, सेल्फ यांचे कारखाने बहुधा वेगळे असतात. बंगळुरूची, १९५१ साली स्थापन झालेली आणि २००८ पासून बॉश या नावाने चालणारी जुनी मायको डिझेलच्या पंपांसाठी प्रसिद्ध; चिंचवडचा एसकेएफचा कारखाना बेअरिंगांसाठी; चेन्नईचा राणे समूह ब्रेक लायनिंगसाठी. म्हणून दुकानातील मालाच्या चार जाती होतात. गाडीच्या कंपनीच्या वेष्टनातील माल ही पहिली. कंपनीला भाग पुरवणाऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावाने विकलेला माल ही दुसरी. ती गुणात बहुधा पहिलीच्या बरोबरीची आणि किमतीत अनेकदा उतरती असते. स्वतःच्या नावाने उघडपणे विकणाऱ्या इतर कारखान्यांचा माल ही तिसरी. हिच्यात उत्तम आणि सामान्य दोन्ही सापडतात. दुसऱ्याचे नाव चोरून विकलेला नकली माल ही चौथी. आमचे मिस्त्री तिसऱ्या आणि चौथ्या जातीला सरसकट 'लोकल' म्हणतात, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. तिसऱ्या जातीचा माल आपट्याच्या पानासारखा आहे. तो जे आहे तेच सांगतो. चौथी जात म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेले पितळ.

आता पहिला निर्णय, सादृश्याचा. सादृश्य डोळ्यांनी ठरवू नये, क्रमांकाने ठरवावे. एकाच नावाची गाडी वर्षागणिक आतून बदलत जाते. देशभर एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली, तेव्हा इंधनयंत्रणेचे भाग पुष्कळ बदलले. म्हणून दुकानात जाताना 'बोलेरोची क्लच प्लेट द्या' एवढे सांगणे अपुरे. गाडीचा सतरा अक्षरांचा चॅसिस क्रमांक, उत्पादनाचा महिना व वर्ष सांगावे आणि कंपनीच्या सूचीतून भागाचा क्रमांक काढून घ्यावा. बेअरिंगच्या बाबतीत तर हे काम अधिकच सोपे आहे. त्याच्या कड्यावर क्रमांक कोरलेला असतो आणि प्रमाणित मापाच्या बेअरिंगांत तो जगभर एकच अर्थ सांगतो. ३०२०६ या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक पाचाने गुणले की आतील छिद्राचे माप ३० मिलिमीटर निघते. असे बेअरिंग कोणत्याही नामांकित कारखान्याचे घेतले तरी चपखल बसते. काही गाड्यांत खास मापाची बेअरिंगे असतात. तेथे सूचीचाच आधार घ्यावा.

दुसरा निर्णय सर्वांत महत्त्वाचा. गाडीतही काही स्थाने अशी आहेत की तेथे कनिष्ठ प्रतिनिधी चालतच नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि चाके धरून ठेवणारे भाग ही ती स्थाने. येथे पहिल्या दोन जातींखेरीज विचार करू नये. कशेडीस आता बोगदा झाला असला तरी परशुराम आणि भोस्ते हे घाट, तसेच कोल्हापूरच्या वाटेवरचा आंबा घाट भरल्या गाडीनिशी उतरावे लागतातच. सतत ब्रेक दाबून लायनर तापले की त्यांची पकड कमी होते. चांगल्या लायनरचे मिश्रण ही उष्णता बऱ्याच अंशी सोसते. हलक्या लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, त्याचा भुगा पडतो, क्वचित तो शूपासून सुटूनही येतो. लायनर बदलताना एका आसाच्या दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक लागताच गाडी एकीकडे ओढते.

ब्रेक ऑइलचेही तसेच. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ जातीचे कोरडे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अपेक्षा असते. ओलावा शिरल्यावर ती मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तेल उकळले की नळीत वाफ होते, पाय पॅडलवर तळापर्यंत जातो आणि चाक मात्र थांबत नाही. आमच्या दमट किनाऱ्यावर अर्धवट वापरलेला, झाकण उघडे राहिलेला डबा फुकट मिळाला तरी घेऊ नये. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या जातीचे, सीलबंद डब्यातले तेल घ्यावे आणि मुदतीत बदलावे. इंजिनाचे तेल चुकूनही त्यात घालू नये. आतील रबरी वॉशर फुगून ब्रेकच निकामी होतात.

टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि किंग पिन यांवर चाकाची दिशा अवलंबून असते. त्यांवरील रबरी टोपी फाटली की खारट पाणी आत शिरते आणि सांधा आतल्या आत झिजतो. मासळी वाहणाऱ्या गाडीच्या चॅसिसवर बर्फाचे खारे पाणी सतत ठिबकते. अशा गाडीत नवा भाग घेताना त्याबरोबरची टोपी आणि ब्रेकच्या धातूच्या नळ्या यांकडे विशेष पाहावे. पाट्यांच्या बाबतीत एक खोड सर्वत्र आढळते. जास्त माल बसावा म्हणून जादा पाटा चढवतात. पाटा वाढतो, पण ब्रेक, आस आणि टायर होते तेवढेच राहतात. पुस्तकात जितके पाटे असतील तितकेच, त्याच मापाचे बसवावेत.

तिसरा निर्णय निषिद्धाचा. उडीद आणि कोद्रव हे धान्यच, तथापि यज्ञाला वर्ज्य. मग ते व्रीहींच्या जागी घेता येत नाहीत. नकली मालाचे तसेच आहे. तो मुळासारखा दिसतो, त्याच जागी बसतो, एखादा हंगाम चालतोही. बाहेरून सारखा दिसणारा ऑइल फिल्टर आत कमी कागदाचा असू शकतो, किंवा त्याची बायपास झडप सदोष असू शकते. मग इंजिनात गाळ फिरतो किंवा तेलच पोहोचत नाही. कॉमन रेल जातीच्या इंजिनात डिझेलचा दाब हजार बारहून अधिक असतो. तेथे हलक्या डिझेल फिल्टरमधून निसटलेला बारीक कण महागडा इंजेक्टर नासवतो. फिल्टरवर वाचवलेले पैसे पंपाच्या दुरुस्तीत कित्येक पटींनी द्यावे लागतात.

नकली ओळखावा कसा? वेष्टनावरील छपाई, नावातील अक्षरे, निर्मात्याचा पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत वाचावी. आवेष्टित वस्तूंबाबतच्या २०११ च्या नियमांनी हा मजकूर आवश्यक केला आहे. वेष्टनावरचा क्रमांक आणि भागावर कोरलेला क्रमांक जुळतो काय ते पाहावे. चौकोनी क्यूआर खूण मोबाइलने तपासावी, पण ती कंपनीच्याच अधिकृत पानावर पोहोचते काय हेही पाहावे, कारण खुणेचीही नक्कल होते. ओतीव धातूच्या कडा, रंगाखालचा गंज आणि नेहमीपेक्षा फारच कमी किंमत हे तिन्ही सावधानतेचे इशारे आहेत. हमीची मुदत संपली की रिकामे वेष्टन फाडून टाकावे आणि जुना भाग मोडून भंगारात द्यावा. शाबूत वेष्टनात पुन्हा नकली माल भरला जाऊ शकतो.

चौथा निर्णय अनेकांच्या ध्यानात येत नाही. मिस्त्री झिजलेला भाग हाती देतो आणि 'असाच घेऊन या' म्हणतो. पण जुन्या गाडीतला तो भाग बहुधा मूळचा नसतो; मागच्या मालकाने बसवलेला प्रतिनिधीच असतो, कदाचित चुकीच्या मापाचाही. नकलेची नक्कल करीत गेल्यास दोष वाढत जातो. म्हणून पुन्हा चॅसिस क्रमांकाकडे, पुन्हा सूचीकडे, पुन्हा मुळाकडे वळावे.

यावरून सर्वच ठिकाणी महाग वस्तू घ्यावी असा अर्थ कोणी काढू नये. आंब्याचा भाव पडलेल्या वर्षी पिकअपच्या मालकाची ओढाताण काय असते हे आम्ही किनाऱ्यावरचे लोक जाणतो. काटकसरीला जागा आहे. आरसा, दरवाजाची मूठ, मडगार्ड, बंपर, आसनाचे आवरण यांत तिसरी जात खुशाल घ्यावी. दरवाजा किंवा केबिनचा पत्रा मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणण्यातही वावगे नाही. सेल्फ आणि अल्टरनेटर जाणत्या कारागिराकडून दुरुस्त करून घेता येतात. जेथे भाग मोडला असता गाडी केवळ थांबते, तेथे काटकसर क्षम्य. जेथे भाग मोडला असता गाडी थांबतच नाही, तेथे ती अक्षम्य. एवढा एक निकष घरातील प्रत्येकाला तोंडपाठ असावा.

खरेदीचे पक्के बिल मागावे आणि त्यावर भागाचा क्रमांक लिहून घ्यावा. बिल नाकारणारा दुकानदार आप्त नव्हे. वस्तू जशी आहे तशी जाणतो आणि तशीच सांगतो तो आप्त. खोटे व्यापारचिन्ह लावणाऱ्यास १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या १०३ व्या कलमान्वये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई मागण्याचा मार्गही खुला केला आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. या साऱ्याचा आधार मात्र तो बिलाचा कागदच.

आश्विनात पावसाळा सरलेला असतो. चार महिन्यांच्या ओलीने आणि खाऱ्या वाऱ्याने काय खाल्ले ते दिसू लागते. हापूसचा भर यायला अजून पाच-सहा महिने असतात. तेव्हा यंदा खंडेनवमीस माळ घालण्यापूर्वी गाडी जॅकवर घ्यावी, चारही चाके उतरवावीत, मिस्त्र्याबरोबर स्वतः वाकून पाहावे आणि बदलण्याच्या भागांची क्रमांकांसह यादी करावी. त्या यादीत ब्रेक आणि स्टिअरिंग यांना अग्रस्थान द्यावे आणि मगच फूल वाहावे. आपल्या अंगणातून निघालेली प्रत्येक गाडी घाट उतरून, माल पोहोचवून, चालकासह सुखरूप परत येवो, हीच विजयादशमीच्या सीमोल्लंघनास शुभेच्छा.