कुऱ्हाडीचा दांडा सैल का होतो?

तासगाव परिसरात फेब्रुवारी-मार्च हा बेदाण्याचा हंगाम. शेडमधल्या जाळ्यांवर पसरलेली द्राक्षे साधारण पंधरवड्यात सुकतात. याच दिवसांत गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलेली कुऱ्हाडही सैल झालेली आढळते. पावसाळ्यात घट्ट बसलेले पाते आता दांड्यावर खुळखुळू लागते. मग घरातले कोणीतरी कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवते. सकाळी पाते घट्ट! लहानपणी मीही हे काम अनेकदा केले आहे. पण आठ-दहा दिवसांत पाते पुन्हा हलू लागे, आणि तेही पूर्वीपेक्षा जरा जास्तच. असे का व्हावे?

विद्यार्थ्यांना विचारले तर बहुतेक जण म्हणतील, 'उन्हाने लोखंड प्रसरण पावते, म्हणून नेढे मोठे होते.' बैलगाडीच्या चाकावर धाव तापवून बसवतात, हे त्यांनी पाहिलेले किंवा ऐकलेले असते. उत्तर चुकीचे का, ते आकडेमोड करूनच दाखवावे. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की लोखंडाची लांबी सुमारे ०.००००१२ पट वाढते. नेढ्याची रुंदी २० मिलिमीटर आणि तापमानातील वाढ ४० अंश धरली, तर नेढे फक्त ०.०१ मिलिमीटरने रुंदावते. एवढ्याने पाते खुळखुळणार नाही. धाव तापवताना तापमान शेकडो अंशांनी वाढते आणि तिचा घेरही मोठा असतो.

खरे कारण लाकडात आहे. लाकूड म्हणजे उभ्या, पोकळ पेशींची मोळी. या पेशींच्या भित्ती हवेतील बाष्प शोषतात आणि फुगतात. हवा कोरडी झाली की पाणी सोडून आकसतात. हिरवे लाकूड पूर्ण वाळताना लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आकसते, पण वर्षवलयांना समांतर दिशेने ते ५ ते १० टक्क्यांपर्यंत आकसू शकते. म्हणून दांडा आखूड होत नाही, बारीक होतो. पावसाळ्यात लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के असते. कडक उन्हाळ्यात ते ६-७ टक्क्यांवर येते. एवढ्या फरकाने २० मिलिमीटरचा दांडा सुमारे अर्धा मिलिमीटर बारीक होऊ शकतो. लोखंडाच्या प्रसरणाच्या हा पन्नास पट झाला. जी कोरडी हवा द्राक्षांचा बेदाणा करते, तीच दांडाही सैल करते.

आता पाण्यात बुडवण्याविषयी. भिजलेले लाकूड फुगू पाहते, पण भोवती लोखंडाचे कडे असते. बाहेर जागा नसल्याने कडेच्या पेशी दबून चेचल्या जातात, आणि त्या पुन्हा पूर्ववत होत नाहीत. लाकूड वाळले की दांडा पूर्वीपेक्षाही बारीक होतो. म्हणजे प्रत्येक भिजवणीगणिक आपण दांडा थोडा थोडा खराब करतो.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. दीड किलोचे पाते सेकंदाला १२ मीटर वेगाने निसटले, तर त्याची ऊर्जा सुमारे सात मीटर उंचीवरून पडणाऱ्या पात्याइतकी असते. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण मग शब्दशः खरी ठरायची!

योग्य उपाय कोरडा आहे. दांडा पात्यातून काढून उन्हाळ्यात काही दिवस सावलीत वाळू द्यावा. त्याला चीर वा भेग असेल तर तो बदलावा. वरच्या टोकाला नेढ्याच्या लांबीच्या दिशेने, नेढ्याच्या दोन-तृतीयांश खोलीइतकी करवतीने खाच घ्यावी. पाते दांड्यात ओवावे. मग पाते खाली लोंबेल असा दांडा हवेत उभा धरून त्याच्या वरच्या, म्हणजे मुठीकडच्या टोकावर लाकडी ठोकळ्याने ठोकावे. जमिनीला न टेकताही पाते दांड्यावर वर चढत जाते! दांडा झटक्याने खाली सरकतो, पण जड पाते जडत्वामुळे जागीच राहू पाहते. शेवटी खाचेत वाळलेल्या बाभळीची पाचर ठोकून बसवावी. ती दांड्याचे दोन भाग नेढ्याच्या दोन्ही बाजूंवर दाबून धरते. खिळे मारू नयेत. त्यांनी लाकूड फाटते. टोकाला जवसाचे तेल मुरवले तर बाष्पाची ये-जा मंदावते. कुदळीला पाचर का लागत नाही, हेही विद्यार्थ्यांना शोधू द्यावे: तिचा दांडा वरून ओवतात, आणि त्याचे वरचे टोक जाड असते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. एकाच वाळलेल्या फळीतून दोन सारखे तुकडे कापा आणि व्हर्निअर कॅलिपरने त्यांची रुंदी मोजा. एक तुकडा शिकंज्यात रुंदीच्या दिशेने घट्ट आवळा, दुसरा मोकळा ठेवा. दोन्हींना ओल्या फडक्यात दोन दिवस गुंडाळा, मग तसेच पूर्ण वाळू द्या. पुन्हा मोजल्यावर मोकळा तुकडा जवळजवळ मूळ मापावर आलेला दिसेल, आवळलेला मात्र अरुंद झालेला असेल. बादलीतल्या कुऱ्हाडीचे कोडे विद्यार्थ्यांना मग सांगावे लागणार नाही.