सहा वर्षे पूर्ण झाल्यावर : महिला बंदी आणि त्यांची मुले

भारतातील कारागृहात आईसोबत राहणाऱ्या मुलाच्या आयुष्यात एक दिवस आधीच ठरलेला असतो. सहा वर्षे पूर्ण झाली की त्याला तेथे राहता येत नाही. आईची शिक्षा संपलेली नसते, बहुतेक वेळा तर तिचा खटलाही निकाली निघालेला नसतो. तरीही मुलाला फाटकाबाहेर जावे लागते. महिला बंद्यांना व त्यांच्या कुटुंबांना मदत करायची म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न या दिवशी सर्वांत तीव्रतेने समोर येतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांत महिला २३,७७२, म्हणजे शंभरात जेमतेम चार. या महिलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश न्यायाधीन बंदी होत्या; त्यांच्यावरील आरोप न्यायालयात अद्याप सिद्ध झालेला नव्हता. १,५३७ महिलांसोबत त्यांची १,७६४ मुले कारागृहात राहत होती.

महिलांची संख्या कमी असणे हीच त्यांची एक मोठी अडचण आहे. देशातील १,३३० कारागृहांपैकी केवळ ३४ कारागृहे खास महिलांसाठी होती. इतर ठिकाणी त्यांना पुरुषांच्या कारागृहातील एका वेगळ्या विभागात ठेवले जाते, आणि तेथील दवाखाना, कामाची जागा, वाचनालय या सोयी प्रामुख्याने पुरुषांचा विचार करून उभारलेल्या असतात. स्वतंत्र महिला कारागृहात सोयी तुलनेने बऱ्या असतात; परंतु अशी कारागृहे थोडी असल्याने ती घरापासून लांब पडतात. भेटीसाठी येणाऱ्या वृद्ध आईला किंवा बहिणीला एका दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे किंवा रेल्वेचे भाडे, असा दुहेरी खर्च सोसावा लागतो. भेट मात्र काही मिनिटांची असते.

आईसोबत असलेल्या मुलांबाबतचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी दिला. ‘आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य’ या नावाने तो ओळखला जातो. कारागृहातील मुलाला बंदी मानता येणार नाही. अन्न, वस्त्र, औषधोपचार, शिक्षण व खेळ या गोष्टी त्याला हक्क म्हणून मिळाल्या पाहिजेत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तीन वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर, तीन ते सहा वयोगटासाठी बालवाडी आणि या दोन्ही सोयी शक्यतो कारागृहाच्या भिंतीबाहेर असाव्यात, असेही सांगितले. कैदेतील मातेच्या पोटी जन्मलेल्या बाळाच्या जन्मदाखल्यावर जन्मस्थान म्हणून कारागृहाचे नाव येता कामा नये, हा त्यातील एक छोटासा, पण दूरदर्शी आदेश. शाळेच्या प्रवेशापासून नोकरीच्या अर्जापर्यंत तो कागद माणसाची सोबत करीत असतो.

सहाव्या वर्षाबद्दलही या निर्णयात तपशीलवार सूचना आहेत. आईच्या इच्छेनुसार मूल योग्य नातेवाइकाकडे सोपवावे. तसे कोणी नसेल तर समाजकल्याण विभागाच्या संस्थेत ठेवावे. मात्र ती संस्था शक्यतो त्याच शहरात असावी आणि आठवड्यातून किमान एकदा मुलाला आईच्या भेटीस आणावे. ही सूचना वाचायला सोपी आहे. ती पाळण्यासाठी एक वाहन, मुलांसोबत येणारी एक कर्मचारी आणि बालगृह व कारागृह यांच्यात ठरलेले वेळापत्रक लागते. एवढी साधी व्यवस्था नसली, तर ती भेट आठवड्याची महिन्यावर आणि महिन्याची सणावर जाते.

आईसोबत कारागृहात असलेल्या मुलांची निदान मोजदाद होते. बाहेर राहिलेल्या थोरल्या भावंडांचा आकडा या तक्त्यांत सापडत नाही. घरातील पुरुषाला अटक झाली, तर घर बहुधा बाई चालवते. बाईला अटक झाली, की घरच विखुरते. त्यातच खून आणि हुंडाबळी या आरोपांखाली शिक्षा भोगणाऱ्या महिलांचे प्रमाण मोठे आहे. पतीच्या खुनाचा आरोप असेल, तर सासरची माणसेच फिर्यादी असू शकतात आणि मुलेही अनेकदा त्यांच्याच घरी असतात. हुंडाबळीच्या प्रकरणात सासू, नणंद, दीर असे घरचे सगळेच एकाच वेळी आत जातात. अशा मुलांना भेटीला घेऊन येणार तरी कोण?

या मुलांसाठी काही योजना आहेत. दिल्ली सरकारने २०१४ मध्ये, आई किंवा वडील कारागृहात असलेल्या मुलांच्या उदरनिर्वाहासाठी व शिक्षणासाठी स्वतंत्र अर्थसाहाय्य योजना लागू केली. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून अशा मुलांना सांभाळणाऱ्या नातेवाइकांना दरमहा अनुदान मिळू शकते. अडचण येते ती कागदपत्रांची. मुलाचा जन्मदाखला कोठे आहे, शिधापत्रिका कोणाकडे आहे, बँक खाते कोणाच्या नावावर आहे, ही माहिती अनेकदा फक्त आईला असते आणि ती आत असते. येथे कारागृहात जाऊन आईशी बोलणारा आणि मग बाहेर तिच्या घरी जाणारा समाजकार्यकर्ता उपयोगी पडतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत हे काम करीत आहे. दिल्लीत किरण बेदी यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या ‘इंडिया व्हिजन फाउंडेशन’ने बंद्यांच्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली.

महाराष्ट्रातील आणखी दोन उपक्रम उल्लेखनीय आहेत. नागपूर मध्यवर्ती कारागृहातील ‘गळाभेट’ या उपक्रमात बंद्यांना आपल्या लहान मुलांना जाळीविना जवळ घेता येऊ लागले. १ मे २०२२ रोजी येरवडा मध्यवर्ती कारागृहात ‘जिव्हाळा’ कर्ज योजनेचा प्रारंभ झाला. तीत बंद्याला महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेकडून कुटुंबाच्या गरजांसाठी ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि कारागृहातील कामाच्या मजुरीतून त्याची परतफेड होते. आत असलेल्या आईला मुलीच्या शाळेची फी भरता येणे, याचे मोल त्या रकमेहून अधिक आहे.

तरीही मुलाच्या दृष्टीने सर्वांत मोठी मदत म्हणजे आई घरी येणे. गंभीर गुन्ह्यांतही महिलेला जामीन देण्याचा विशेष अधिकार न्यायालयांना आहे. प्रत्यक्षात जामीन मंजूर होऊनही बाई आत राहते, ती हमीदार न मिळाल्यामुळे. हे दुखणे जुने आहे. १९७८ मध्ये मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी, हमीदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून त्याला नाकारण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले होते. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा याच विषयावर निर्देश द्यावे लागले. जामीन मिळूनही बंदी सात दिवसांत सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे; महिनाभरात हमी देता आली नाही, तर न्यायालयाने अट शिथिल करण्याचा विचार करावा, असे त्यांत म्हटले आहे. त्याच वर्षी केंद्राने गरीब बंद्यांसाठी योजना आणली. २०२३ मधील तिच्या नियमांनुसार न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४० हजार आणि शिक्षा झालेल्या बंद्याच्या दंडासाठी २५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकत होते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या व्यक्तीने संभाव्य कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर ती जामिनावर सुटण्यास पात्र ठरते. मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत, आणि अनेक खटले प्रलंबित असलेल्यांनाही हा लाभ नाही. यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांची आहे. जुन्या प्रकरणांनाही ही तरतूद लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार प्रत्येक महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. नातेवाइकांना जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात किंवा १५१०० या दूरध्वनी क्रमांकावर ही मदत मागता येते. सोबत खटल्याचा क्रमांक, पुढील तारीख आणि मुलांचे जन्मदाखले असल्यास काम सोपे होते.