चाळीस जीबीची एकच फाइल : मेलच्या साठवणीविषयीचे गैरसमज

मरोळ-साकीनाक्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा असो, बोरिवलीतली सीएची कचेरी असो, की घाटकोपर-मुलुंडकडचा सुट्या भागांचा घाऊक व्यापार असो, अशा लहान कार्यालयांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे ज्या एका संगणकावर साचत आलेला असतो, त्यावर बहुधा आउटलुक हे सॉफ्टवेअर असते आणि सारा मेल पीएसटी प्रकारच्या एकाच फाइलमध्ये असतो. पीएसटी म्हणजे संदेश, जोडपत्रे, पत्ते आणि दिनदर्शिका यांचे एकत्र बांधलेले गाठोडे होय. संगणक बदलताना किंवा फॉरमॅट करताना हे गाठोडे हलवावे लागते, आणि फाइल अवाढव्य आहे म्हणूनच ती बिघडते असे तेव्हा सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात बहुतेक नुकसान फाइलच्या आकारामुळे होत नसून ती हाताळण्याच्या पद्धतीमुळे, आणि घेतलेली प्रत उघडून न पाहिल्यामुळे होते.

आकाराविषयीची भीती जुन्या काळातून आलेली आहे. आउटलुकच्या २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती आणि ती ओलांडली की फाइल खरोखरच उघडेनाशी होत असे. २००३ च्या आवृत्तीपासून नव्या रचनेच्या फाइलसाठी ही मर्यादा २० जीबी आणि २०१० पासून ५० जीबी झाली, त्यामुळे आजच्या आवृत्तीत ३०-४० जीबीची फाइल ही मर्यादेतलीच बाब आहे, जरी ती चालायला जड जात असली तरी. जुने मेल पुसले की फाइल लगेच हलकी होते हाही असाच एक समज आहे. पुसलेल्या संदेशांची जागा फाइलच्या पोटात रिकामी पडून राहते, आणि डेटा फाइलच्या सेटिंगमधून ती ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावरच आकार खात्रीने उतरतो.

‘मेल तर सर्व्हरवर असतातच’ हे वाक्य त्याहून महागात पडणारे आहे. सर्व्हर म्हणजे मेलसेवा देणाऱ्या कंपनीकडचा मूळ संगणक. त्यावर काय शिल्लक राहते हे खाते कोणत्या पद्धतीने जोडले आहे यावर अवलंबून असते. पॉप पद्धतीत मेल कार्यालयातल्या संगणकावर उतरवून घेतला जातो आणि सेटिंगप्रमाणे सर्व्हरवरून लगेच किंवा ठरावीक दिवसांनी काढून टाकला जातो. होस्टिंगवाल्याकडून मिळणारी जागा तोकडी असल्याने लहान कार्यालयांनी वर्षानुवर्षे हीच पद्धत वापरली, त्यामुळे तिथे डेस्कवरची पीएसटी हीच एकमेव प्रत असते. आयमॅप पद्धतीत मेल सर्व्हरवर राहतो, परंतु एका ठिकाणी पुसलेला संदेश सगळीकडून पुसला जातो. तिसरा प्रकार ओएसटी फाइलचा. ती पीएसटीसारखीच दिसत असली तरी ती सर्व्हरवरच्या खात्याची केवळ स्थानिक छाया असते, आणि खाते बंद झाल्यावर ती दुसऱ्या संगणकावर नेऊन उघडेल असे गृहीत धरता येत नाही. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते बंद करण्यापूर्वी त्यातला मेल पीएसटीमध्ये एक्स्पोर्ट करून घ्यावा लागतो, तो याच कारणासाठी.

संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी कम्प्युटरवाला ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ हे फोल्डर उचलतो आणि सगळा डेटा घेतला असे सांगतो. आउटलुक २०१० पासून नवी पीएसटी डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरमध्ये बनते खरी, पण त्याआधीच्या आवृत्तीत बनलेली फाइल ‘अ‍ॅपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरच्या आत असते, आणि नवे आउटलुक चढवले तरी ती तिथेच राहते. म्हणूनच फाइलचा पत्ता अंदाजाने न ठरवता आउटलुकच्या अकाउंट सेटिंग्जमधल्या ‘डेटा फाइल्स’ या यादीत पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे. त्या यादीत एकाऐवजी तीन-चार फाइली निघाल्या तरी आश्चर्य वाटू नये, कारण आपोआप जुने मेल वेगळे काढणारी ‘ऑटोआर्काइव्ह’ ही सोय कुणीतरी कधीतरी चालू करून ठेवलेली असू शकते.

कॉपी करण्यापूर्वी आउटलुक बंद करणे आवश्यक असते, हे अनेकांना ठाऊक असते. खिडकी बंद झाली म्हणजे आउटलुक बंद झाले असे नाही, हे कमी जणांना ठाऊक असते. ते पार्श्वभूमीवर काही काळ चालू राहू शकते आणि तोवर फाइल त्याच्या ताब्यात असते, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये नाव दिसेनासे झाल्याची खात्री करावी. एवढी मोठी फाइल ‘कट-पेस्ट’ करणे अनाठायी धाडस आहे. आधी प्रत घ्यावी, ती तपासावी आणि त्यानंतरच मूळ फाइलचा विचार करावा. दुरुस्तीसाठी आउटलुकसोबत येणारे स्कॅनपीएसटी हे साधन बॅकअपला पर्याय ठरत नाही, कारण ते मोडलेली रचना सांधते आणि जे सांधता येत नाही ते गाळते.

पेनड्राइव्हवर पुरेशी जागा मोकळी असूनही फाइल चढत नाही तेव्हा दोष पेनड्राइव्हला दिला जातो. खरे कारण असे की ३२ जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह बहुधा फॅट-३२ या जुन्या मांडणीत येतात आणि त्या मांडणीत एका फाइलचा आकार ४ जीबीपर्यंतच जाऊ शकतो, मग मोकळी जागा कितीही असो. तोच ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस मांडणीत फॉरमॅट केला की अडचण दूर होते, अर्थात त्यावरचे आधीचे काही हवे असल्यास ते अगोदर काढून ठेवून. झिप करूनही फारसे साधत नाही, कारण मोठ्या पीएसटीचे वजन मुख्यतः पीडीएफ, छायाचित्रे आणि एक्सेलच्या जोडपत्रांचे असते आणि ती बहुधा आधीच दाबलेली असतात.

इंटरनेटवरून पाठवण्याच्या बाबतीत बिट आणि बाइट यांतली गल्लत नेहमीची आहे. जाहिरातीतला वेग मेगाबिटमध्ये असतो, फाइल मोजली जाते बाइटमध्ये, आणि एका बाइटचे आठ बिट होतात. शिवाय जाहिरात बहुधा उतरवण्याच्या वेगाची असते. २० मेगाबिट इतका अपलोडचा वेग सलग मिळाला तरी ४० जीबीला साधारण साडेचार तास लागतात. बोरिवलीच्या कार्यालयातून अंधेरीच्या कार्यालयात एवढी फाइल न्यायची असेल तर हार्ड डिस्क बॅगेत टाकून फास्ट लोकल पकडणे निःसंशय जलद ठरते. मात्र गर्दीत ती बॅग हरवली तर पीएसटीला लावलेला पासवर्ड उपयोगी पडत नाही, तो सहज निघतो. संपूर्ण ड्राइव्ह कूटबद्ध करणारी बिटलॉकरसारखी सोय तिथे हवी. दोन यंत्रे एकाच नेटवर्कवर असतील तर विंडोजमधली रोबोकॉपी ही आज्ञा ‘रीस्टार्टेबल’ पद्धतीने वापरावी, म्हणजे मध्येच जोडणी तुटली तरी काम खंडित झाले तिथून पुढे चालू होते. नेटवर्कवर ठेवलेली पीएसटी थेट तिथूनच उघडून रोज वापरणे हे मात्र वेगळे. मायक्रोसॉफ्ट त्याला पाठिंबा देत नाही.

क्लाउडच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवली की बॅकअप झाला हा समज सुशिक्षितांतही आढळतो. सिंक म्हणजे दोन ठिकाणच्या फाइली सारख्या ठेवणे, त्यामुळे इथली फाइल बिघडली किंवा पुसली गेली की तो बिघाडही इमानेइतबारे तिकडे पोहोचतो, आणि जुनी आवृत्ती सेवा किती दिवस ठेवते यावरच मग सारी भिस्त उरते. दुसऱ्या टोकाला, सर्व प्रती एकाच कपाटात ठेवणारे आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला तो ७३ मिलिमीटरच्या आसपास होता. मिठी नदी साकीनाका-कुर्ल्यातून जिथे जाते तिथल्या तळमजल्यांवर संगणकाच्या शेजारीच असलेली बॅकअपची डिस्कही पाण्यापासून वाचण्याचा प्रश्न नव्हता. शहर एकच, परंतु जोखीम एकसारखी नाही, आणि दुसरी प्रत दुसऱ्या भागात ठेवण्याचे कारण एवढ्या आकड्यांवरूनही कळते.

महत्त्वाचे मेल छापून फायलीला लावले की पुरावा झाला, या समजाला कायद्याचा आधार नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ नुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जतन केलेली नोंद पुढेही वापरता येण्याजोगी असावी लागते, ती मूळ किंवा मुळाशी तंतोतंत जुळणाऱ्या स्वरूपात असावी लागते, आणि तिचा उगम, गंतव्य, पाठवल्याची वा मिळाल्याची तारीख-वेळ ओळखता यावी लागते. छापील कागदावर संदेशाचे पूर्ण शीर्षलेख उतरत नाहीत. जालन्याच्या निवडणूक वादातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात जुलै २०२० मध्ये असा निर्णय झाला की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात द्यायची तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने हीच अट पुढे नेली आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश मूल्य नोंदवण्याची जागा ठेवली.

हॅश म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा आकडा. एक अक्षर बदलले तरी तो पूर्ण बदलतो. विंडोजमधल्या सर्टयुटिल या आज्ञेने शा-२५६ प्रकारचा हॅश ४० जीबीच्या फाइलचाही काही मिनिटांत निघतो. आउटलुक उघडताच पीएसटीमध्ये बारीकसारीक बदल होतात, म्हणून मूळ फाइल आणि प्रत यांचे हॅश कॉपी संपल्याबरोबर काढून तारखेसह नोंदवहीत उतरवावे आणि प्रत तपासण्यासाठी तिचीच आणखी एक प्रत दुसऱ्या संगणकावर उघडावी. सर्वांत जुना मेल, सर्वांत अलीकडचा मेल आणि मधल्या एखाद्या वर्षातले जड जोडपत्र उघडत असेल, तर जुना संगणक फॉरमॅटला द्यायला हरकत नाही.