गॉस्पेल व पॉप गायनातील स्वरपल्ला

एखादा गायक ज्या सर्वांत खालच्या स्वरापासून ज्या सर्वांत वरच्या स्वरापर्यंत गाऊ शकतो, त्या अंतरास त्या गायकाचा स्वरपल्ला म्हणतात. अमेरिकेतील गॉस्पेल गायक आणि पॉप गायक यांच्या स्वरपल्ल्यांची तुलना संगीतरसिकांमध्ये नेहमी केली जाते. मात्र या दोन परंपरांतील मुख्य भेद सप्तकांच्या संख्येत नसून पल्ल्याच्या वापरात आहे. कोणत्या भागात आवाज सर्वाधिक राहतो, तो कोणत्या जोराने लावला जातो आणि तो श्रोत्यांपर्यंत कसा पोहोचतो, यांवर हा भेद अवलंबून असतो. शिवाय अनेक नामवंत पॉप गायकांची जडणघडण चर्चमधील गॉस्पेल गायनातच झालेली असल्याने या दोन गटांची सरळ विभागणी करता येत नाही.

मोजमाप

हिंदुस्थानी संगीतात मंद्र, मध्य व तार ही सप्तके गायकाने निवडलेल्या षड्जाच्या संदर्भात ठरतात. पाश्चात्त्य पद्धतीत स्वरांची कंप्रता निश्चित असते आणि स्वराच्या नावापुढे सप्तकाचा क्रमांक लिहिला जातो. पियानोच्या मध्यावरील ‘सी’ (हार्मोनियमच्या भाषेत पांढरी एक) हा सी४ होय. त्याची कंप्रता सुमारे २६१.६ हर्ट्झ असते, तर त्याच सप्तकातील ए४ हा स्वर ४४० हर्ट्झ मानला जातो. एक सप्तक वर गेल्यास कंप्रता दुप्पट होते, म्हणून सी५ सुमारे ५२३ हर्ट्झ व सी६ सुमारे १०४७ हर्ट्झ असतो. एका सप्तकात १२ अर्धस्वर असतात.

पल्ला मोजताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. कसाही का होईना, पण कंठातून निघू शकणाऱ्या सर्व स्वरांचा पल्ला हा शारीरिक पल्ला होय. कार्यक्रमात शब्दोच्चार, सुरेलपणा आणि आवाजाचा गुण सांभाळून वापरता येणारा पल्ला हा गायनोपयोगी पल्ला होय आणि तो नेहमीच लहान असतो. याखेरीज ‘टेसिटुरा’ ही संज्ञाही महत्त्वाची आहे. एखाद्या गाण्यात आवाज ज्या पट्ट्यात सर्वाधिक काळ राहतो, त्यास टेसिटुरा म्हणतात. एकच उंच स्वर क्षणभर लावणे आणि त्याच्या आसपास दहा मिनिटे गात राहणे यांत मोठा फरक आहे.

शारीरिक आधार

स्वराची उंची स्वरयंत्रातील स्वरतंतूंची लांबी, ताण व जाडी यांवर ठरते. पुरुषांचे स्वरतंतू सामान्यतः अधिक लांब व जाड असल्याने त्यांचा आवाज खालचा असतो. तंतूंच्या कंपनाच्या पद्धतीनुसार आवाजाचे स्तर मानले जातात. बोलताना वापरला जाणारा भरीव आवाज हा छातीचा स्तर होय. त्याहून हलका, पातळ आवाज शीर्षस्तरात मोडतो व पुरुषांच्या बाबतीत त्यास बहुधा ‘फॉल्सेटो’ म्हणतात. सर्वांत वरच्या, शिटीसारख्या आवाजास ‘व्हिसल’ स्तर म्हणतात. छातीच्या स्तराचा भरीवपणा कायम ठेवून उंच स्वर जोरात लावण्याच्या तंत्रास ‘बेल्टिंग’ असे नाव आहे. गॉस्पेल आणि पॉप या दोन्ही प्रकारांत हे तंत्र मध्यवर्ती आहे.

वृंदगायनात आवाजांची विभागणी स्त्रियांसाठी सोप्रानो, मेझो-सोप्रानो व काँट्राल्टो (समूहात आल्टो) आणि पुरुषांसाठी टेनर, बॅरिटोन व बास अशी केली जाते. टेनरचा पल्ला साधारण सी३ ते सी५ आणि सोप्रानोचा साधारण सी४ ते सी६ धरला जातो. ही वर्गवारी मुळात ऑपेरा व वृंदगायनासाठी तयार झाली. ध्वनिक्षेपकावर गाणाऱ्या गायकांना ती केवळ ढोबळमानाने लागू पडते.

गॉस्पेल गायनातील वापर

आफ्रिकन-अमेरिकन गॉस्पेल संगीताचे आजचे रूप विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडले. शिकागोतील संगीतकार थॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) यांना या संगीताचे जनक मानले जाते. हे गायन उपासनेचा भाग असल्याने गाण्याची लांबी आधीपासून ठरलेली नसते. जमलेल्या भाविकांच्या प्रतिसादानुसार शेवटची ओळ पुनःपुन्हा घोळवली जाते आणि अनेकदा दर आवर्तनाला पट्टी अर्ध्या स्वराने चढवली जाते. त्यामुळे गायकाला आपल्या पल्ल्याच्या वरच्या टोकापाशी, पूर्ण जोराने, दीर्घकाळ गावे लागते.

गॉस्पेल वृंदात बहुधा सोप्रानो, आल्टो आणि टेनर अशा तीनच ओळी असतात. ही तीन ओळींची रचना रूढ करण्याचे श्रेय मॅटी मॉस क्लार्क (१९२५–१९९४) यांना दिले जाते. स्वतंत्र बास ओळ नसल्याने जाड आवाजाच्या पुरुषांनाही टेनरच्या उंचीवर गावे लागते. याउलट पुरुषांच्या गॉस्पेल चौकडीत दोन्ही टोकांना महत्त्व असते. स्वान सिल्व्हरटोन्स या चौकडीचे क्लॉड जेटर (१९१४–२००९) फॉल्सेटोसाठी ख्यातनाम होते, तर श्वेतवर्णीय सदर्न गॉस्पेल परंपरेतील जे. डी. सम्नर (१९२४–१९९८) हे अतिखर्जाच्या बास आवाजासाठी प्रसिद्ध होते.

तथापि विस्तृत पल्ला ही गॉस्पेलमधील थोरवीची अट नाही. महालिया जॅक्सन (१९११–१९७२) यांचा आवाज काँट्राल्टो होता. उंच स्वरांपेक्षा आवाजाचे वजन, स्वरांना दिलेले हेलकावे आणि शब्दांची फेक ही त्यांची बलस्थाने होती. जेम्स क्लीव्हलँड (१९३१–१९९१) यांचा आवाज घोगरा व खरखरीत होता, तरीही गॉस्पेल वृंदगायनावर त्यांच्याइतका प्रभाव फार थोड्यांनी टाकला.

पॉप गायनातील वापर

१९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि ध्वनिक्षेपकाने लोकप्रिय गायनाचे स्वरूप पालटले. सभागृह भरून टाकण्याइतका जोर लावण्याची गरज उरली नाही आणि पल्ल्याच्या खालच्या भागातील हळुवार स्वरही ऐकू येऊ लागले. बिंग क्रॉस्बी यांची कुजबुजल्यासारखी, जवळीक साधणारी गायनशैली या बदलातूनच पुढे आली. जॅझ गायिका बिली हॉलिडे (१९१५–१९५९) यांचा पल्ला मर्यादित होता, पण लयीशी खेळण्याच्या आणि शब्द उच्चारण्याच्या पद्धतीमुळे त्या श्रेष्ठ ठरल्या.

पॉप गाणे बहुधा तीन-चार मिनिटांचे असते आणि श्रोत्यांनाही ते गुणगुणता यावे अशी अपेक्षा असते. त्यामुळे बहुतेक चाली एक ते दोन सप्तकांत मावतात. अमेरिकेच्या राष्ट्रगीताचा विस्तार दीड सप्तकाहून थोडाच अधिक, म्हणजे १९ अर्धस्वरांचा आहे, तरीही सामान्य माणसाला ते गाण्यास कठीण समजले जाते. काही पॉप गायिकांनी मात्र व्हिसल स्तराचा अलंकार म्हणून उपयोग केला. मिनी रिपरटन (१९४७–१९७९) यांचे ‘लव्हिन यू’ आणि मरायाह कॅरी यांचे ‘इमोशन्स’ (१९९१) ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. ‘इमोशन्स’मधील काही स्वर सी७ च्या, म्हणजे सुमारे २०९३ हर्ट्झच्या वर जातात. या स्तरात शब्द स्पष्ट उच्चारणे जवळजवळ अशक्य असल्याने तेथे बहुधा आलापसदृश स्वरच घेतले जातात.

दोन्ही परंपरांतील देवाणघेवाण

सॅम कुक (१९३१–१९६४) सोल स्टिरर्स या गॉस्पेल चौकडीचे प्रमुख गायक होते आणि १९५७ मध्ये ‘यू सेंड मी’ या गाण्याने ते पॉप संगीतात स्थिरावले. अरेथा फ्रँकलिन (१९४२–२०१८) यांचे बालपण डेट्रॉइट येथे, वडील धर्मोपदेशक असलेल्या चर्चमध्ये गाण्यात गेले. पॉप व सोल संगीतात कीर्ती मिळाल्यानंतर जानेवारी १९७२ मध्ये त्यांनी लॉस एंजेलसमधील एका चर्चमध्ये ‘अमेझिंग ग्रेस’ हा गॉस्पेल संग्रह जेम्स क्लीव्हलँड यांच्या साथीने ध्वनिमुद्रित केला. व्हिटनी ह्यूस्टन (१९६३–२०१२) यांनीही न्यूअर्कच्या चर्चमध्ये गायनाचे पहिले धडे घेतले. ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ या १९९२ च्या गाण्यात वाद्यांशिवाय हळुवार सुरुवात, पुढे चढवलेली पट्टी आणि अखेरचे बेल्टिंग ही मांडणी गॉस्पेलच्या चढत्या रचनेशी नाते सांगते.

एल्व्हिस प्रेस्ली यांना स्पर्धात्मक गटात मिळालेले तिन्ही ग्रॅमी पुरस्कार त्यांच्या गॉस्पेल ध्वनिमुद्रणांसाठी होते आणि सम्नर यांची चौकडी १९७० च्या दशकात त्यांना साथ करीत असे. लिटल रिचर्ड यांच्या रॉक अँड रोल गायनातील उंच किंकाळीवजा स्वरांवर गॉस्पेल गायिका मॅरियन विल्यम्स (१९२७–१९९४) यांचा प्रभाव मानला जातो.

आकड्यांच्या मर्यादा

गायकांच्या नावापुढे ‘चार सप्तके’, ‘पाच सप्तके’ असे आकडे दिले जातात, परंतु ते एकाच निकषावर मोजलेले नसतात. काही ठिकाणी व्हिसल स्तर, बोलल्यासारखे खालचे स्वर, किंकाळ्या किंवा स्टुडिओत बदललेले आवाजही मोजले जातात, तर काही ठिकाणी केवळ गाण्यात स्थिरपणे लावलेले स्वर धरले जातात. वयानुसार पल्ला बदलतो, त्यामुळे तरुणपणी व उतारवयात मोजलेले आकडेही सारखे नसतात.

टिम स्टॉर्म्स या अमेरिकन गायकाच्या नावावर १० सप्तकांच्या पल्ल्याचा गिनीज विक्रम आहे. त्यांचा नोंदवलेला सर्वांत खालचा स्वर ०.१८९ हर्ट्झचा आहे. मानवी कानाला साधारण २० हर्ट्झपासून पुढचा आवाज ऐकू येतो, म्हणजे या विक्रमातील कित्येक स्वर केवळ उपकरणांनाच टिपता येतात. पल्ल्याचा आकडा आणि ऐकू येणारे संगीत यांतील अंतर या उदाहरणावरून स्पष्ट होते.

आवाजाची निगा

आकड्यांच्या स्पर्धेचा खरा धोका शिकाऊ गायकांना असतो. आवडत्या गायकाच्या मूळ पट्टीतच गाण्याचा हट्ट धरून, तयारीशिवाय छातीचा आवाज वर ओढल्यास स्वरतंतूंना सूज येणे, त्यांवर गाठी होणे किंवा रक्तस्राव होणे असे विकार उद्भवू शकतात. व्यावसायिक गायकही यातून सुटत नाहीत. ब्रिटिश पॉप गायिका अॅडेल यांच्यावर २०११ मध्ये स्वरतंतूंची शस्त्रक्रिया करावी लागली होती. आवाज सलग काही आठवडे बसलेला राहिल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्राची तपासणी करून घेणे आवश्यक मानले जाते. आवाजाला मानवणारी पट्टी निवडणे हा दोन्ही परंपरांत रूढ असलेला उपाय आहे. चर्चमधील वादक गायकाची पट्टी ऐकून साथ धरतात आणि पॉप गायकही वय वाढल्यावर जुनी गाणी खालच्या पट्टीत गातात.