घरची बिअर: हातभट्टी नव्हे, पण कायदेशीरही नव्हे

बीडच्या वर्तमानपत्रांत घरी गाळलेल्या दारूची बातमी ठरलेल्या साच्यात येते. नदीकाठच्या झुडपांत पहाटेचा छापा, निळी प्लास्टिकची बॅरलं, ‘गूळमिश्रित रसायन’ जागेवर नष्ट, अमुक हजारांचा मुद्देमाल आणि महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा. अशा बातम्या वाचत मोठ्या झालेल्या घरात अमेरिकेतला भाचा फोनवर सांगतो की तो सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात बिअर करतो, तेव्हा मामाच्या डोळ्यांसमोर ते बॅरलच येतं. धाकट्या पिढीचा अंदाज उलटा असतो. तिकडं उघडपणे चालतं आणि सामान तर ऑनलाइन मिळतं, मग इथं करायला काय हरकत आहे, असं त्यांना वाटतं. मामाचंही चुकतं आणि भाच्याच्या मामेभावंडांचंही.

आधी मामाचं पाहू. हातभट्टीत काळा गूळ, नवसागर आणि पाणी यांचं रसायन सडवतात, मग ते उकळून निघणारी वाफ थंड करतात आणि थेंब थेंब दारू गाळतात. या गाळण्यामुळेच ती कडक होते. बिअरमध्ये गाळणं नसतंच. चूल तिथंही पेटते, पण ती यीस्ट टाकण्याआधी, म्हणजे अल्कोहोलचा एक थेंबही तयार झालेला नसताना. यीस्टनं साखर खाऊन जेवढं अल्कोहोल केलं, साधारण चार ते सहा टक्के, तेवढंच बिअरमध्ये राहतं.

‘घरची दारू म्हणजे आंधळं होण्याची खात्री’ हा समज मात्र उगाच पसरलेला नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. तिथला मारेकरी होता मिथेनॉल, कारखान्यांत वापरलं जाणारं रसायन. ते दारूत मिसळलेलं होतं. धान्य आंबवताना मिथेनॉल तयार होतं ते नगण्य, कारण ते मुख्यतः फळांच्या पेक्टिनपासून बनतं आणि धान्यात पेक्टिन फारच कमी. शिवाय वाफ गाळून ते एका जागी गोळा करण्याचा टप्पाच बिअरमध्ये नाही. भांडी नीट धुतली नाहीत तर बिअर आंबट होते, वास मारते आणि मोरीत ओतावी लागते, पण त्यानं डोळे जात नाहीत.

याचा अर्थ हा छंद निर्धोक आहे असाही नाही. बाटलीत फेस यावा म्हणून भरताना लिटरमागं सहा-सात ग्रॅम साखर घालतात, ती उरलेलं यीस्ट खातं आणि बंद बाटलीत वायू साठतो. बिअर पुरती आंबण्याआधीच बाटल्या भरल्या, किंवा साखर हात सैल सोडून घातली, तर काचेची बाटली कपाटात फुटते आणि तिच्या ठिकऱ्या भिंतीत रुततात. म्हणून जाणकार बाटली भरण्याआधी बिअरची घनता दाखवणाऱ्या हायड्रोमीटरचं माप लागोपाठ दोन-तीन दिवस घेतात. आकडा हलला नाही, तरच पुढं जायचं. पंचवीस लिटर उकळतं पाणी गॅसवरून उतरवताना पाय घसरला, तर काय होईल हे सांगायला नको.

आता सामान. यासाठी छोटा कारखानाच मांडावा लागतो, अशी अनेकांची कल्पना असते. प्रत्यक्षात वीस लिटरच्या एका घाण्याला तीस लिटरचं स्टीलचं पातेलं, धान्य धरायला जाळीची कापडी पिशवी, तापमापक, खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकची झाकणाची बादली, झाकणाला एअरलॉक, एक लांब नळी आणि निर्जंतुक करायचं द्रावण एवढं पुरतं. एअरलॉक म्हणजे पाणी भरलेली वाकडी नळी. तिच्यातून आतला वायू बुडबुड करत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. हायड्रोमीटर ही काचेची तरंगती कांडी. सुरुवातीला ती १.०५० दाखवते आणि आंबणं संपल्यावर १.०१२ च्या आसपास स्थिरावते. या दोन आकड्यांच्या फरकावरून टक्केवारी काढायची, इथं ती पाचच्या जवळ येते. ‘घरच्या बिअरचा जोर कुणालाच कळत नाही’ हा आक्षेप ही स्वस्तातली कांडी मोडून काढते.

साहित्य चारच गोष्टींचं: पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. माल्ट म्हणजे भिजवून, मोड आणून, मग भट्टीत वाळवलेला सातू. वीस लिटरला तो साधारण साडेचार किलो लागतो. त्याचं पीठ करायचं नाही, दाणा फक्त फुटला पाहिजे आणि टरफल शक्यतो शाबूत राहिलं पाहिजे. हा भरडा ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. याच तासात खरी गंमत होते. पातेल्यातलं पाणी सुरुवातीला पिठूळ, चवीला मचूळ असतं. मोड आणताना दाण्यात तयार झालेली विकरं पिष्टाचे तुकडे करतात आणि तासाअखेरीस तेच पाणी चमच्यानं चाखलं तर गोड लागतं, बाहेरून साखरेचा कणही न घालता. तापमान ७५ च्या पुढं गेलं तर विकरं मरतात आणि तो घाणा फुकट जातो.

मग पिशवी उचलायची, गोड पाणी तासभर उकळायचं आणि त्यात हॉप्स टाकायचे. हॉप्स हे एका वेलाचं फूल. तो वेल भांगेच्याच कुळातला, त्यावरून ‘बिअरमध्ये भांग असते’ ही अफवा निघाली असावी. हॉप्समध्ये भांगेची नशा नाही. कडवटपणा, वास आणि टिकाऊपणा एवढंच त्याचं काम. आपल्याकडं हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात १९७० च्या दशकापासून त्याची शेती होते. बीडच्या उन्हात तो वेल फुलणं कठीण.

‘मग आपली ज्वारी काय वाईट?’ हा प्रश्न बीडमध्ये निघणारच, आणि तो रास्त आहे. आफ्रिकेत ज्वारीची बिअर शतकानुशतकं चालत आलेली आहे. बुर्किना फासोतली ‘दोलो’ ज्वारीचीच असते. नायजेरियानं १९८८ मध्ये सातूच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांनाही ज्वारी आणि मक्याकडं वळावं लागलं. पण ‘ज्वारीला मोड आणा, झालं माल्ट’ असं मात्र नाही. ज्वारीचं पिष्ट सातूपेक्षा जास्त उष्णतेला शिजतं आणि तेवढ्या उष्णतेत विकरं टिकत नाहीत, त्यामुळं दोन्ही कामं वेगवेगळी करावी लागतात. दुसरी गोष्ट शेतकऱ्यांना आधीच ठाऊक आहे. कोवळी, पाण्याचा ताण बसलेली ज्वारी गुरांनी खाल्ली तर विषबाधा होते. सायनाइड देणारं जे द्रव्य त्या कोवळ्या रोपांत असतं, तेच मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबांतही असतं. म्हणून माल्ट वाळवल्यावर कोंब आणि मुळ्या चोळून काढाव्याच लागतात. मराठवाड्यातली ज्वारीची आंबील यातली नव्हे. ती पीठ ताकात आंबवून होते, तिला मोड लागत नाहीत आणि तिथलं मुख्य काम लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंचं असतं.

पावासाठीच्या यीस्टनं बिअर होत नाही, असंही सांगितलं जातं. होते, फक्त चव पावासारखी येते आणि यीस्ट तळाशी नीट बसत नाही. बीडमध्ये खरी अडचण यीस्टच्या जातीपेक्षा उन्हाची आहे. नेहमीचं एल यीस्ट १८ ते २२ अंशांत खूश असतं, लागर यीस्टला तर ८ ते १२ अंश हवेत. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना बादली कोपऱ्यात ठेवली, तर यीस्ट घाईघाईनं काम उरकतं आणि डोकं धरायला लावणारी जड अल्कोहोलं मागं ठेवतं. नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं ‘क्वाइक’ नावाचं यीस्ट तेवढं याला अपवाद. ते तिशीच्या पुढच्या उष्णतेतही चांगली चव देतं. बर्फाळ देशातलं यीस्ट मराठवाड्याच्या उन्हाला पुरून उरावं, हा योगायोग मजेशीरच.

पाण्याबद्दल मात्र बीडकरांचा संशय खोटा नाही. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करायला लावली होती. ‘बिअर आपलं पाणी पिते’ हा तो संशय. घरची बिअर लहान, म्हणून काटकसरी, असं वाटतं खरं, पण घडतं उलटं. चांगला कारखाना लिटरभर बिअरला तीन ते पाच लिटर पाणी वापरतो. घरच्या छंदिष्टाचं, उकळतं पातेलं नळाच्या पाण्यानं थंड करण्यात आणि भांडी धुण्यात, त्याहून कितीतरी जास्त जातं. त्यात आपलं बोअरचं पाणी जड. काळ्या, भाजक्या माल्टच्या बिअरला ते चालतं, पण फिक्या बिअरमध्ये हॉप्सचा कडवटपणा घशाला खरखरीत लागतो.

पिणाऱ्यांचे गैरसमज वेगळे, आणि जास्त धोक्याचे. ‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ हा त्यातला पहिला. हिशेब सोपा आहे. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये ते तेराच्या आत. म्हणजे एक बाटली रिचवणारा माणूस चार छोटे पेग घेऊन उठलेला असतो. मुतखड्यावर बिअरचा उतारा तर गावोगाव सांगतात. बिअरनं लघवी जास्त होते, पण खडा विरघळत नाही, आणि शरीरातलं पाणी मात्र कमी होतं. खड्याच्या रुग्णाला नेमकं तेच नको असतं.

आणि ते ग्लिसरीन! बाटली उघडून पाण्याच्या ग्लासात उलटी धरायची, खाली उतरणाऱ्या लाटा दाखवायच्या आणि ‘बघ, ग्लिसरीन निघालं’ म्हणायचं, हा प्रयोग अनेकांनी पाहिला असेल. यीस्ट आंबवताना थोडं ग्लिसरॉल करतं हे खरं, पण ते बिअरमध्ये पूर्ण विरघळलेलं असतं, वेगळं होऊन बाहेर पडत नाही. ग्लासात उतरते ती बिअरच. ती पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून तिची धार दिसते. पिणारा आपलीच बिअर पाण्यात सोडत असतो.

आता भाच्याच्या मामेभावंडांचं, म्हणजे ‘इथं करायला काय हरकत आहे’ याचं. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ हाच पुढं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम झाला. त्याचं कलम १२ परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई करतं आणि मद्याच्या व्याख्येत बिअर स्पष्टपणे येते. कलम १३ तर मद्य बनवायचं साहित्य आणि उपकरणं जवळ ठेवण्यापर्यंत पोचतं. कलम ६५ मध्ये तुरुंगवास आणि दंड आहे. ‘विकत नाही, स्वतःपुरतीच करतो’ हा बचाव इथं चालत नाही. हा जुनाट कायदा कुणी वापरत नाही, असंही म्हणायची सोय नाही. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या औषधं आणि प्रसाधनांबाबतच्या तरतुदींसह काही भाग रद्द केला, बाकीचा कायदा टिकला. बीड पोलिसांचे रोजचे गुन्हे त्याच कायद्याखाली नोंदले जातात. यीस्ट, सातू, पातेलं, हायड्रोमीटर या सुट्या वस्तू दुकानात मिळतात, म्हणून त्यांची बिअर करणं कायदेशीर ठरत नाही.

परदेशातलं चित्रही वाटतं तितकं जुनं नाही. ब्रिटननं १९६३ मध्ये घरच्या बिअरवरची परवान्याची अट काढली. अमेरिकेत १९७८ मध्ये जिमी कार्टर यांच्या सहीनं घरची बिअर केंद्रीय पातळीवर मोकळी झाली. एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७९ लिटर, ही मर्यादा. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तर २०१३ पर्यंत वाट पाहायला लावली. विकायला तिथंही परवाना लागतोच.

महाराष्ट्रात परवान्याची वाट आहे, पण ती घरातून जात नाही. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’नं जागेवरच बिअर बनवून विकायला सुरुवात केली. पुण्याचीच ‘मूनशाइन मीडरी’ मधाचं मद्य करते. तिच्या संस्थापकांचा प्रवास घरच्या प्रयोगांतून सुरू झाला आणि परवाना घेऊनच दुकानापर्यंत पोचला. बीडमधल्या ज्यांना या कलेत खरोखर रस आहे, त्यांनी अशा ठिकाणी जाऊन पातेली पाहावीत, बनवणाऱ्यांना प्रश्न विचारावेत आणि घरी आंबील करावी. बिअरची बादली मात्र, राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना हातात नसेल तोवर, मांडू नये.