समोरच्या खोलीत कोण राहते?

‘हल्लीच्या मुलांना हे असले काय वाचावेसे वाटते हो?’ हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकाला दिवाळीच्या फराळाबरोबर हमखास मिळतो. ‘असले’ म्हणजे काय, हे विचारणाऱ्याने बहुधा चाळूनही पाहिलेले नसते. म्हणून आधी तेच सांगतो. कथा मोठ्या शहरात घडते. नायिका नोकरी करते, भाड्याच्या खोलीत राहते. एके दिवशी शेजारचा माणूस नाहीसा होतो आणि शोध घेता घेता तिला कळते, की या शहरात माणसांखेरीज आणखीही कोणी वस्तीला आहे. त्या शोधात तिला साथ देणारा तरुण तरी खरा कोण, हे कोडे लवकर सुटत नाही. आणि तोवर ती त्याच्या प्रेमात पडलेली असते. रहस्य, अद्भुत आणि प्रेम अशी ही तीन पेडांची वेणी.

यावर नाक मुरडणाऱ्यांनी आधी ‘कादंबरी’ हा शब्दच तपासून पाहावा. हे मुळात बाणभट्टाच्या सातव्या शतकातील ग्रंथाचे आणि त्याच्या नायिकेचे नाव. शूद्रक राजाच्या दरबारात एक पोपट येतो आणि मनुष्यवाणीने कथा सांगू लागतो. तीत शाप आहेत, पुनर्जन्म आहेत, गेलेल्या प्रियकराची वाट पाहणारी महाश्वेता आहे. तो पोपट आणि ऐकणारा राजा हे मूळचे कोण, याचा उलगडा मात्र अगदी शेवटी! ज्या साहित्यप्रकाराचे बारसेच अशा ग्रंथावरून झाले, त्याच्यात अद्भुत शिरले म्हणून आपण दचकावे, ही मौजच म्हणायची.

मराठीतही १८६१ च्या ‘मुक्तामाले’पासून अद्भुतरम्य कथांची रांग लागली होती. पुढे हरिभाऊ आपट्यांनी मध्यमवर्गीय घराचा दरवाजा उघडला आणि अद्भुताची रवानगी मागच्या फळीवर झाली. ते तिथे स्वस्थ मात्र बसले नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी वाचनालये गाजवली. नारायण धारपांनी आपल्या ओळखीच्या घरांत भय आणून बसवले. त्यांच्या ‘लुचाई’चे मूळ स्टीफन किंग यांच्या १९७५ च्या एका इंग्रजी कादंबरीत आहे. रत्नाकर मतकरींनी गूढकथेला साध्यासुध्या संसारात जागा दिली. या घराण्यात प्रेमाचा पेड जरा बारीक राहिला, एवढेच. तो आजच्या तरुण वाचकाला जाड हवा आहे.

का हवा आहे, याचे उत्तर मला निघोज्याकडून मिळाले. खेड तालुक्यातले, इंद्रायणीकाठच्या मुलखातले हे गाव. देहू आणि आळंदी दोन्ही जवळ. चाकणची औद्योगिक वसाहत वाढत गेली, २००९ साली याच परिसरात फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ इतर आले. शेताच्या बांधांची जागा प्लॉट नंबरांनी घेतली आणि भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. माझा एक विद्यार्थी अशाच एका खोलीत राहतो. मूळचा परभणीकडचा. दुसऱ्या पाळीला जाता-येताना कंपनीच्या बसमध्ये तो मोबाइलवर या कथा वाचतो. मी विचारले, “भीती वाटत नाही का रे?” तो म्हणाला, “सर, गावाकडं पिंपळाखालून जाताना भीती वाटायची. पण कुणाची वाटते, ते ठाऊक होतं. मुंजा कुठं राहतो ते आजीनं सांगितलेलं असायचं. इथं समोरच्या खोलीत कोण राहतं तेच माहीत नाही.”

माझ्या मते या कादंबऱ्यांचे सारे रहस्य या वाक्यात आहे. गावात भुताला पत्ता असतो आणि माणसाला कूळ असते. शहरात दोन्ही हरवतात. बंद दाराआड कोण आहे, या एकाच प्रश्नातून भयही जन्मते आणि प्रेमही. ‘हा माणूस खरा कोण?’ असे गुप्तहेर विचारतो, तसे प्रेमिकही विचारतो. म्हणून या दोन गोष्टी एका पुस्तकात इतक्या सहज नांदतात. आणि अद्भुताचे काम? ते परक्या शहराला क्षेत्रपाळ मिळवून देते. बेन आरोनोविच या इंग्रज लेखकाच्या २०११ च्या कादंबरीत लंडनचा एक साधा पोलीस शिपाई थेम्स नदीच्या देवतेला आणि तिच्या उपनद्यांच्या रूपातील मुलींना भेटतो. त्यांतल्याच एकीवर पुढे त्याचे मन जडते! हे आपल्याला परके का वाटावे? बुडवलेली तुकोबांची गाथा जिने वर आणून दिली असे आपण मानतो, ती इंद्रायणी निघोज्याजवळूनच वाहते. आज तिच्यावर आळंदीला रासायनिक फेस तरंगताना दिसतो. त्या नदीने एखाद्या पाळीवरून परतणाऱ्या मुलाला हाक मारली, तर ती काय सांगेल?

हा निव्वळ पळपुटेपणा आहे, असे कोणी म्हणेल. या प्रकारातली वाईट पुस्तके तशी आहेतच. मंत्र म्हटला की संकट टळले, डोळे भिडले की लग्न ठरले. पण चांगल्या पुस्तकात अद्भुतालाही नियम असतो आणि प्रत्येक मंत्राची किंमत मोजावी लागते. कोणावर विश्वास ठेवावा आणि किती, याचा सराव तिथे होतो. घरापासून शेकडो मैल दूर, एकट्याने राहणाऱ्या मुलामुलींना त्या सरावाची गरज आपल्यापेक्षा अधिक आहे.

तेव्हा पालकहो, मुलाच्या हातातले पुस्तक किंवा मोबाइल काढून घेण्याआधी एकदा त्याला गोष्ट विचारा. कोण नाहीसे झाले, आणि नायिका कोणावर विश्वास ठेवून बसली आहे, एवढेच विचारा. सांगता सांगता तो स्वतःच्या खोलीबद्दल, शेजाऱ्यांबद्दल, कदाचित आणखी कोणाबद्दलही बोलू लागेल. माझी स्वतःची एक इच्छा मात्र अजून पुरी व्हायची आहे. लंडनच्या नद्यांची गोष्ट मी वाचली. निघोज्याच्या रात्रपाळीची, तिथल्या चकव्याची आणि तिथे जुळलेल्या प्रेमाची मराठी कादंबरी मला वाचायची आहे. ती लिहू शकणारी मुले माझ्या वर्गात बसतात.